रिकामटेकड्याची साक्ष

“मॅडम, हे उणे कसं जी?” तुळशीराम निखाड्यांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं.

खंडेनवमीचा दिवस होता. खाणीत हवा खेळवणाऱ्या पंखाघराला लागून असलेल्या नियंत्रण खोलीत आम्ही तिघं उभे होतो. मी, तुळशीरामभाऊ आणि त्यांची थोरली बहीण सुगंधाबाई. संगणकाच्या डोक्यावर झेंडूचं फूल होतं, पडद्याच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं होती आणि कीबोर्डाच्या फटीत प्रसादाचे चार फुटाणे अडकले होते. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे यंत्र किती टक्के कामात आहे ते दिसायला हवं, तिथे आकडा होता: उणे १७५.

“सणाच्या दिवशी यंत्रबी सुट्टीवर गेलं,” सुगंधाबाई म्हणाल्या आणि त्यांनी प्रसादाचा द्रोण माझ्या हातात दिला. “माणसापरीस शहाणं हाय.”

दोघं बहीणभाऊ हसले. त्यांच्याबरोबर मीही हसले. शंभरातलं शून्य काम म्हणजे काय ते कळतं. पण शून्याच्या खाली पावणेदोनशे, याचा अर्थ एकच होता, आणि त्या खोलीत तो फक्त मला कळत होता.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, सुनयना हेडाऊ, नागपूरच्या एका छोट्याशा कंपनीतली चाचणी इंजिनिअर. चंद्रपूरकडच्या या कोळशाच्या खाणीत आमच्या कंपनीने वायूची सूचना देणारी यंत्रणा बसवली होती. खाली बोगद्यांमध्ये छोट्या पेट्या टांगलेल्या. प्रत्येक पेटी हवा हुंगायची आणि तारेवरून वरच्या संगणकाला सांगायची, इथे वायू इतका आहे. वायू वाढला की संगणकाने भोंगा वाजवायचा आणि खालची वीज आपोआप तोडायची, म्हणजे ठिणगी पडणार नाही. एवढंच काम. पण त्या कामात दोन मिनिटं उशीर झाला तर ते काम न केल्यातच जमा.

खाणीचे तीन भाग चालू होते, प्रत्येकात बारा पेट्या. चौथा भाग दसऱ्याच्या मुहूर्तावर उघडणार होता. सकाळी आठच्या पाळीला तुळशीरामभाऊ पहिल्या एकतीस माणसांना घेऊन तिथे उतरणार होते. ते त्या पाळीचे प्रमुख, खाणीच्या भाषेत ओव्हरमन. चौथ्या भागाच्या बारा पेट्याही पूजेसाठी वरच ठेवल्या होत्या. पहिल्या पाळीने त्या सोबत नेऊन टांगायच्या असं ठरलं होतं.

या सगळ्याला परवानगी मिळाली होती ती माझ्या एका सहीवर. करारात अट होती की सगळ्या पेट्या एकदम ओरडू लागल्या तरी संगणकाचा प्रोसेसर सत्तर टक्क्यांच्या वर गुंतता कामा नये. मी तीन दिवसांपूर्वी चाचणी घेऊन लिहून दिलं होतं: तीन भागांना पन्नास टक्के, चौथा जोडल्यावर फार तर सदुसष्ट. खाली झोकदार सही.

आता ती चाचणी कशी घेतली ते सांगायला हवं, कारण सगळं पाप तिथलं आहे.

प्रोसेसर किती कामात आहे हे संगणक स्वतःच एका तक्त्यात दाखवतो. त्या तक्त्यावर नेटवर्कच्या चाचणीत भरवसा ठेवायचा नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचा थोडा तोराही होता. तो तक्ता म्हणजे ठरावीक ठोक्याला डोकावून जाणारा मुकादम. डोकावला त्या क्षणी जो काम करताना दिसला त्याची हजेरी लावतो आणि निघून जातो. नेटवर्कवरून पॅकेट, म्हणजे पेटीचा निरोप, आलं की प्रोसेसर हातातलं टाकून क्षणभर धावतो, ते उतरवून घेतो आणि परत जागेवर येतो. ही धावपळ दोन डोकावण्यांच्या मधल्या वेळात होते. मुकादमाला ती दिसतच नाही, आणि तो खुशाल लिहितो की सगळे बसून आहेत.

म्हणून मी उलटा मार्ग धरला होता. एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला कसलंच महत्त्वाचं काम नाही. दुसरं कुठलंही काम नसेल तेव्हाच त्याने उठायचं आणि एक, दोन, तीन असे आकडे मोजत बसायचं. कोणी आलं की लगेच बाजूला व्हायचं. आम्ही त्याचं नाव रिकामटेकड्या ठेवलं होतं. आधी यंत्र पूर्ण रिकामं असताना तो सेकंदाला किती मोजतो ते टिपून ठेवायचं. मग चाचणीच्या वेळी तो किती मोजतो ते पाहायचं. जेवढं त्याचं मोजणं घटलं, तेवढं यंत्र कामात होतं. कोणाला विचारायला नको, कोणाची हजेरी नको.

चाचणीच्या दिवशी मी हे तुळशीरामभाऊंना समजावत होते, तेव्हा सुगंधाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या खाणीच्या लॅम्परूममध्ये होत्या. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला तिथल्या खिडकीतून टोपीचा दिवा आणि नंबराचा बिल्ला मिळतो. दिव्याशिवाय कोणी उतरत नाही, खुद्द मॅनेजरसुद्धा नाही.

“म्हंजे माह्याच सारखं की,” त्या म्हणाल्या होत्या. “मी खाली गेलेले मोजत नाई, मॅडम. खुंटीवर उरलेले दिवे मोजते. गेलेला मानूस काहीबी सांगते. खुंटीवरचा दिवा खोटं नाई बोलत.”

मला ते इतकं आवडलं की मी वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला ते नुसतं चतुर बोलणं वाटलं होतं.

मग मी म्हटलं, “भाऊ, आता दोन मिनिटं ही खालून येणारी तार काढा. यंत्र रिकामं करून रिकामटेकड्याचा पहिला आकडा घेते.”

“तार नाई निघत, मॅडम,” तुळशीरामभाऊंनी मान हलवली. “खाली मानूस हाय तोवर तार काढाची नाई. नियम हाय. अन् खाली मानूस नाई असं होतच नाई. तीन पाळ्या चालतात.”

“दोनच मिनिटं.”

“दोन शेकंदबी नाई.”

मी हट्ट धरायला हवा होता. मॅनेजरकडे जायला हवं होतं, दुसरी सोय मागायला हवी होती. पण दुपारचे दीड वाजले होते, पोटात कावळे ओरडत होते, आणि संगणकाच्या त्या तक्त्यावर स्वच्छ दिसत होतं: काम तीन टक्के. मी मनात म्हटलं, छत्तीस पेट्यांची कुजबुज आहे ती, तीन टक्क्यांनी काय बिघडतं? यंत्र रिकामंच आहे. आणि रिकामटेकड्याला सांगितलं, मोज. सेकंदाला चाळीस लाख. तोच माझा ‘पूर्ण रिकामं’चा आकडा. मग सगळ्या पेट्यांना एकदम ओरडायला लावणारी सरावाची कळ दाबली, तर तो वीस लाखांवर आला. निम्मा. म्हणून पन्नास टक्के.

ज्या मुकादमाला मी खोटारडा म्हणत होते, त्याच्याच शब्दावर मी माझा प्रामाणिक माणूस कामाला लावला होता. हे मला खंडेनवमीला दुपारी, हातात फुटाण्यांचा द्रोण असताना कळलं.

त्या दिवशी वर्षातून एकदाच खाण रिकामी असते. हत्यारं, गाड्या, दोरखंड, सगळं पुसून पुजतात, आणि कोणी खाली उतरत नाही. खाली माणूस नाही म्हणून तुळशीरामभाऊंनी स्वतःच्या हाताने तार काढली होती, तिचं टोक फडक्याने पुसलं होतं, त्याला कुंकू लावलं होतं. रिकामटेकड्या मागे चालूच राहिला होता. त्याला आयुष्यात पहिल्यांदा खरं रिकामं यंत्र मिळालं होतं, आणि तो मोजत होता एक कोटी दहा लाख.

प्रसादाच्या कागदाच्या पाठीवर मी हिशेब मांडला. खरं रिकामं एक कोटी दहा लाख. मग नुसती छत्तीस पेट्यांची कुजबुज चालू असताना चाळीस लाख, म्हणजे काहीही घडत नसताना प्रोसेसर चौसष्ट टक्के गुंतलेला. संकटात ब्याऐंशी. चौथा भाग जोडला की रोजच्या दिवशीच पंच्याऐंशी, आणि संकट आलं की शंभराच्या वर. शंभराच्या वर प्रोसेसर जात नाही. तो फक्त मागे पडत जातो. पेट्या सांगत राहतात, संगणक जुनंच वाचत राहतो.

“का झालं जी? चेहरा उतरला तुमचा,” सुगंधाबाई म्हणाल्या.

“काही नाही. उपास आहे ना, जरा गरगरलं.”

“उपास? अन् फुटाणे खाऊन राह्यल्या?”

मी द्रोण ठेवला आणि बाहेर पडले. जाताना लॅम्परूमवरून गेले. सगळे दिवे खुंट्यांवर होते, ओळीने, प्रत्येकाला कुंकवाचं बोट. फक्त त्रेसष्ट नंबरच्या खुंटीवर दिवा नव्हता, तिथे झेंडूचं एकच फूल अडकवलेलं होतं. मला वाटलं, एखादा दुरुस्तीला गेला असेल.

चौकातल्या टेलिफोन बूथवरून मी नागपूरला आमच्या मालकांना, किन्हीकर सरांना फोन लावला. ते घरी होते. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

“सर, आपला आकडा चुकला. माझा चुकला.”

सगळं ऐकून घेतल्यावर ते शांतपणे म्हणाले, “सुनयना, तुला किती वर्षं झाली आपल्याकडे?”

“तीन, सर.”

“या ऑर्डरवर पुढच्या सहा खाणी आहेत. आपण अठरा माणसं आहोत. मी काय करतो, पंधरा दिवसांत दुप्पट वेगाचं मशीन पाठवतो. आपल्या खर्चाने. बदलून टाकू, कोणाला कळणारही नाही. मान्य?”

“आणि हे पंधरा दिवस, सर?”

“सगळ्या पेट्या एकदम ओरडतील असं पंधरा दिवसांत होईल का? तूच सांग. होईल?”

“होणार नाही बहुतेक.”

“मग झालं तर. आणि हे बघ, सही तुझी आहे. मी तुला घाबरवत नाहीये. तुझ्याच काळजीने बोलतोय.”

त्यांनी खरंच काळजीने म्हटलं होतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

संध्याकाळी मी मॅनेजर देवतळे साहेबांच्या बंगल्यावर गेले. सांगायचं ठरवून गेले होते. त्यांनी स्वतः दार उघडलं, बायकोला हाक मारून पेढे आणवले, आणि म्हणाले, “या हेडाऊ मॅडम! तुमच्या रिपोर्टमुळे उद्याचा मुहूर्त साधला हो. मुख्यालयातून साहेब येणार आहेत फीत कापायला. तुमचं नाव सांगणार आहे मी त्यांना.”

पेढा तोंडात होता. तो गिळेपर्यंत माझी वेळ निघून गेली. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे पेढा गिळल्यावरही मी तिथे वीस मिनिटं बसले होते आणि त्यांच्या मुलीच्या बारावीबद्दल बोलले होते.

गेस्टहाउसवर परत आल्यावर मी डोक्यात तीच तीच बेरीज करत पडून राहिले. पंधरा दिवस. रोज तीन पाळ्या, पंचेचाळीस पाळ्या. आठवत राहिले तुळशीरामभाऊ. तीन दिवस त्यांनी मला आपल्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि झुणका खाऊ घातला होता. “तुमी खाली येनार नाई, मंग तुमाले काय कळणार आमी काय खातो,” असं म्हणून. डोळ्यांपुढे बाकीच्या एकतीस जणांचे चेहरे नव्हते. त्यांना मी पाहिलंच नव्हतं.

दसऱ्याला सकाळी साडेसातला मी लॅम्परूमच्या मागच्या दाराने आत गेले. सुगंधाबाई खिडकीशी बसण्याच्या तयारीत होत्या. बाहेर माणसं जमत होती, नवे सदरे, गालावर गुलाल. फीत बांधलेली दिसत होती. तुळशीरामभाऊ खिडकीतून आत डोकावून गेले आणि म्हणाले, “बाई, सांजेला वर आलो की सोनं देतो तुले. घरी थांबजो.”

ते गेल्यावर मी सुगंधाबाईंच्या कानाशी वाकले. 

“सुगंधाबाई, एक ऐका. आज भाऊंना खाली जाऊ देऊ नका. पोटात दुखतंय म्हणा, काहीही सांगा. पंधरा दिवस त्यांना चौथ्या भागात पाठवू नका.”

त्यांनी हातातला दिवा टेबलावर ठेवला.

“काहून?”

“माझा आकडा चुकलाय. चौथा भाग जोडला की यंत्र मागे पडेल. खाली वायू झाला तर वर वेळेत कळणार नाही. कदाचित काही होणारही नाही. पण भाऊंना नका पाठवू.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. हिशेब जुळत नसला की माणूस कागदाकडे बघतो, तशा.

“अन् बाकीचे एकतीस?”

मी टेबलावरचा दिवा उगाच सरळ केला.

“साहेबाले सांगतलं?”

“नाही.”

“म्हंजे मलेच सांगून राह्यल्या. मले एकटीले.”

त्या उठल्या. भिंतीकडे गेल्या आणि त्रेसष्ट नंबरच्या खुंटीवरचं कालचं फूल काढून पदरात घेतलं.

“ही खुंटी माह्या मालकाची,” त्या म्हणाल्या. “पांडुरंग वासेकर. वायू पेटला तवा सतरा मानसं खाली होती. दिवासुदा सापडला नाई. त्याइच्या जागी मले ही नौकरी देली. कामावर लागल्यावर मी जुनं रजिस्टर काढलं, त्या दिवसाचं. पाळीत वीस मानसं होती, मॅडम. खुंटीवर तीन दिवे उरले होते. तिघंबी एकाच मुकादमाचे सोयरे. एकाचं पोट दुखत होतं, एकाची माय बिमार, एक लग्नाले गेलता.”

बाहेर कोणीतरी खिडकीवर टकटक केलं. “सुगंधाबाई, दिवा द्या ना जी, मुहूर्त चालला!”

“त्या मुकादमाले माईत होतं. त्यानं सांगतलं, पन घरच्याइलेच सांगतलं. माह्या मालकाले कोनी सांगतलं नाई.”

एवढं बोलून त्यांनी खिडकीची लोखंडी झडप खाली ओढली, आतून कडी घातली आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला. “आज कोनालेच दिवा नाई,” त्या मोठ्याने ओरडल्या. “साहेबाले बोलवा.”

पुढची दहा मिनिटं झडपेवर हात आपटत होते. तुळशीरामभाऊंचा आवाज आला, “बाई, हे का करून राह्यली? लोक हासून राह्यले.” मग चिडलेले आवाज आले. मग देवतळे साहेब आले आणि एकदम शांतता पसरली. सुगंधाबाईंनी मागचं दार उघडलं आणि साहेब काही बोलायच्या आत म्हणाल्या, “साहेब, ह्या मॅडम आल्यात सांगाले. याइच्या यंत्राचा आकडा चुकला म्हंते. म्हनून दिवे थांबवले मी. मॅडमनं सांगतलं म्हनून.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय बोलतायत या?”

आता मात्र मी सगळं सांगितलं. तारेचं, तीन टक्क्यांचं, चाळीस लाखांचं, उणे पावणेदोनशेचं. साहेबांचा चेहरा लाल होत गेला. त्यांनी मला सरळ नियंत्रण खोलीत नेलं आणि संगणकाच्या तक्त्यावर बोट ठेवलं. “हे काय आहे मग? काम चार टक्के! तुमचंच यंत्र म्हणतंय. फाटकावर मुख्यालयाची गाडी आलीये, आणि आज तुम्हाला हे सुचतंय?”

“साहेब, तो तक्ता खोटं बोलतो. खाली अजून कोणी नाही. चौथ्या भागाच्या पेट्या इथे टेबलावर आहेत. जोडून बघू. पंधरा मिनिटं द्या मला.”

त्यांनी दिली. का दिली ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित लॅम्परूमची किल्ली अजून सुगंधाबाईंच्या कमरेला होती म्हणून.

बारा पेट्या, गळ्यात झेंडूच्या माळा असलेल्या, पूजेनंतर परत लावलेल्या तारेला जोडल्या. सरावाची कळ दाबली, खालच्या छत्तीस आणि वरच्या बारा एकदम बोलू लागल्या. तुळशीरामभाऊंनी वायूचं चाचणीचं नळकांडं घेतलं आणि टेबलावरच्या एका पेटीच्या तोंडाशी धरलं. दुसऱ्या हातात त्यांचं छोटं मोजण्याचं यंत्र होतं. ते लगेच किंचाळू लागलं.

आम्ही सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्या पेटीच्या रकान्यात हिरव्या अक्षरात लिहिलं होतं: ०.१, ठीक.

“थांबा, येईल,” साहेब म्हणाले.

तुळशीरामभाऊंचा हात अवघडला तरी त्यांनी नळकांडं धरून ठेवलं. हातातलं यंत्र किंचाळतच होतं. पडद्यावर ठीक. एक मिनिट झालं. दोन झाली. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाचा सेकंदाचा आकडा अडखळायला लागला आणि मग घड्याळ आठ चौदाला थांबलं. ठीक. सगळ्या रकान्यांत ठीक. बाजूचा तक्ता म्हणत होता, काम चार टक्के. त्या खोलीत सात-आठ माणसं होती आणि कोणी हलत नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ यंत्रं बंद पडलेली पाहिली आहेत, पण इतक्या हिरव्यागार चेहऱ्याने मेलेलं यंत्र दुसरं पाहिलं नाही.

नळकांडं संपलं. तुळशीरामभाऊ खाली बसले. कोणीतरी त्यांच्या हातात चहा दिला. साहेबांनी रुमालाने मान पुसली.

अकरा मिनिटांनी भोंगा वाजला.

तुळशीरामभाऊंच्या हातातून पेला पडला. तो भोंगा खाणीच्या सगळ्या आवारावर, फाटकापर्यंत, फीत कापायला आलेल्या साहेबांच्या गाडीपर्यंत गेला असणार. बाहेरचे एकतीस जण पळत खोलीच्या दाराशी आले. तेव्हा मी त्यांचे चेहरे पहिल्यांदा नीट पाहिले. एकाच्या कपाळावर गुलाल होता आणि त्याला अजून हसूच येत होतं, काय झालं ते कळलं नव्हतं म्हणून.

चौथा भाग त्या वर्षी उघडला नाही. मशीन बदललं, नेटवर्क कार्ड बदललं, पेट्यांना विनाकारण बडबडायचं थांबवायला शिकवलं. किन्हीकर सरांनी मला दोन महिन्यांनी जायला सांगितलं, पण तोवर मला त्या नोकरीची गरजही उरली नव्हती. कारण खाणीच्या अहवालात लिहिलं गेलं होतं: चाचणी अभियंता सु. हेडाऊ यांनी स्वतःची चूक स्वतःहून निदर्शनास आणून संभाव्य अनर्थ टाळला. त्या एका वाक्यावर मला पुण्यात नोकरी मिळाली. नंतर दुसरी मिळाली. आज मी चाचणीचे वर्ग घेते, आणि माझी ओळख करून देणारा माणूस दर वेळी ते वाक्य म्हणतो. प्रामाणिकपणाचं उदाहरण म्हणून. समोरची पोरं टाळ्या वाजवतात. मी हात जोडते आणि खाली बसते.

आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सुगंधाबाईंनीही सांगितलं नाही.

त्या दिवशी दुपारी, बसला वेळ होता म्हणून, मी लॅम्परूमच्या खिडकीशी गेले होते. झडप वर केलेली होती. सुगंधाबाई रोजच्यासारख्या बोटाने एकेक खुंटी दाखवत दिवे मोजत होत्या. सगळे होते. मी खिडकीच्या चौकटीला टेकले. मग विचारलं, “साहेबांना खरं का नाही सांगितलंत? मी तर फक्त तुमच्या भावाचं...”

“तुमचं नाव घेतलं नसतं, तं साहेबानं ऐकलं असतं काय?” त्यांनी मोजणं थांबवलं नाही. “दिवे देनारी बाई मी. इंजिनेर थोडी हाव.”

“तरी पण...”

त्या अठ्ठ्याण्णवपाशी थांबल्या. तो तुळशीरामभाऊंचा नंबर होता. दिव्यावरचा गुलाल त्यांनी अंगठ्याने पुसला.

“मी ऐकलं असतं ना तुमचं,” त्या म्हणाल्या, “तं आज हा एक दिवा खुंटीवर उरला असता. हा एकटाच. अन् मंग कवातरी, माह्यासारखीच कोनी बाई इथं नौकरीवर लागली असती, अन् तिनं रजिस्टर काढून तो मोजला असता.”

मग त्यांनी नव्याण्णववर बोट ठेवलं आणि पुढे मोजायला लागल्या.